मिशनच्या काळातलं दगडी चर्च, व्हीलचेअरवरून : रॅम्प आहे, आणि बसायला जागाही केली

आधी कामाचं सांगते. सोलापुरातलं जुनं दगडी चर्च व्हीलचेअरवर बसून बघता येतं का? येतं. सोबत एक धडधाकट माणूस हवा, आदल्या दिवशी फोन हवा, मग आत जाता येतं, आत फिरता येतं आणि रविवारच्या उपासनेला नीट बसताही येतं. टॉयलेट नाही, म्हणजे आहे पण आपल्या कामाचं नाही. घंटेच्या मनोऱ्यावर जाणं नाही, मागच्या कबरस्तानात अर्ध्यापर्यंतच. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं, पुढचं लांबलचक आहे कारण अशा जागांबद्दल कोणी लिहितच नाही, फोटो टाकतात, "शांत वाटलं" लिहितात, पण पायऱ्या किती, दार केवढं, आत फरशी कसली हे कोणी सांगत नाही आणि आम्हाला तेच आधी लागतं.

चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उणिवाही लिहिणार आहे, मंडळी म्हणजे चर्चचे सभासद थोडेच आहेत, आणि त्या लोकांनी मला जितक्या आपुलकीने वागवलं ते बघता चारचौघात त्यांचं नाव घेऊन टॉयलेटचं रडगाणं गायचं मला पटत नाही. त्यांना जे सांगायचं ते मी तोंडावर सांगितलंय.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे तुम्हाला तुमचा अंदाज लावता येईल. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हा डोस घरोघर पोचले नव्हते. अर्धं आयुष्य कॅलिपर (पायाला आधाराला बांधायच्या पट्ट्या) आणि कुबड्यांवर काढलं, शाळा, नोकरी, लग्नकार्य सगळं त्याच्यावर केलं, मग खांदे आणि मनगटं बोलायला लागली आणि डॉक्टर म्हणाले आता चेअर घ्या. साधी फोल्डिंग चेअर आहे, बाजारात मिळते तीच, मागची चाकं मोठी, पुढची छोटी, या चाकापासून त्या चाकापर्यंत रुंदी २५ इंच. ही रुंदी प्रत्येक चेअरवाल्याने आपापली मोजून पाठ करून ठेवावी, दारात जाऊन अडकण्यापेक्षा फोनवर "दार किती इंच आहे हो" विचारलेलं बरं. सोबत भाचा होता, अंगाने मजबूत आणि मुख्य म्हणजे विचारल्याशिवाय चेअरला हात लावत नाही, हा गुण ताकदीपेक्षा मोठा आहे.

रिक्षाने गेलो. चेअर घडी करून मागे ठेवली, दोरीने बांधली. काही रिक्षावाले चेअर बघूनच पुढे निघून जातात, काही वीस-तीस रुपये जास्त मागतात, त्या दिवशीचा बरा होता, फाटकापाशी नाही सोडलं, आत अंगणापर्यंत आणलं. तुम्हीही रिक्षा आतच न्या, कारण फाटकापासून चर्चच्या भिंतीपर्यंत सगळा मुरूम आहे. मुरमात पुढची छोटी चाकं रुततात आणि मागून कोणी जोरात ढकललं तर माणूस सरळ तोंडावर येतो. चेअर उलटी फिरवायची, मोठी चाकं पुढे करून मागे मागे ओढत न्यायची, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लक्षात ठेवा, अख्खं सोलापूर असंच ओलांडता येतं. तरी अंगणातून दोन फूट रुंदीची का होईना, नाही नाही, साडेतीन फूट रुंदीची फरशीची पट्टी फाटकापासून दारापर्यंत टाकली तर काठीवाल्या म्हाताऱ्या माणसांचीही सोय होईल, हे मी त्यांना सांगून आले.

समोरचं दार सुरेख आहे. काळा पाषाण, टोकदार कमान, सागवानी दोन फळ्यांचं दार, त्यावर लोखंडी पट्ट्या. आणि त्याच्यापुढे तीन पायऱ्या. प्रत्येक पायरी साधारण ६ इंच म्हणजे एकूण १८ इंच. रॅम्पचा हिशोब १ ला १२ असा असतो, १ इंच चढायला १२ इंच लांबी, म्हणजे इथे रॅम्प करायचा तर १८ फूट लागेल, तो सगळा दर्शनी भाग खाऊन टाकेल, आणि कमी लांबीत घातला तर ती घसरगुंडी होते. मी अशा घसरगुंड्या फार बघितल्यात. फोटोत रॅम्प दिसतो, वरती निळं चिन्हही रंगवलेलं असतं, आणि चढायला गेलं की चेअर मागे उलटते.

वॉचमन दादा धावत आले. "थांबा की वो अक्का, चौघं मिळून उचलून घेतो, दोन मिनिटाचं काम हाय." मनापासून म्हणत होते. पण मी उचलून घेत नाही आणि यावर थोडं सविस्तर बोलते. उचलणाऱ्याला वाटतं तो मदत करतोय. फोल्डिंग चेअरचे हात आणि पाय ठेवायची पाटी हे सुटे भाग असतात, नेमकं तेच धरून लोक उचलतात आणि ते हातात निघून येतात. चौघांची उंची सारखी नसते, चेअर एका बाजूला कलते, साडी चाकात जाते, आणि आपण हवेत, आपल्या हातात काही नाही. एकदा असं पडलेला माणूस नंतर लग्नाला जायचं सोडतो, देवळात जायचं सोडतो, घरचे म्हणतात "तिला आता बाहेर जायला आवडत नाही". आवडतं हो, उचललेलं आवडत नाही.

हे मी त्यांना एवढं सगळं नाही सांगितलं, "दादा उचलायचं नको, भीती वाटते" एवढंच म्हटलं, आणि त्यांनी वाद घातला नाही. "मग बाजूच्या दारानं या की, पाळकसाहेबांच्या आईसाठी पाट केलाय तिकडं." पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. आणि खरंच, दक्षिणेच्या बाजूला अंगण वर चढत गेलंय, तिथल्या दाराला एकच पायरी आहे, ८ इंचाची, आणि त्याच्यासाठी लाकडी पाट. सागाच्या जाड फळ्या, खालून लोखंडी अँगल, वर पाय घसरू नये म्हणून खडबडीत पत्रा, दोन्ही कडांना बोटभर उंचीची पट्टी म्हणजे चाक बाहेर जात नाही. भाच्याने पावलं टाकून मोजला, ८ फूट. म्हणजे बरोब्बर १ ला १२. ज्या सुताराने केला त्याला कोणीतरी हिशोब सांगितला असणार नाहीतर त्याच्या स्वतःच्या घरात कोणीतरी चेअरवर असणार. मी हाताने रिम फिरवत एकटी चढले. भाचा मागे हात न लावता उभा. एखाद्या जुन्या इमारतीत स्वतःच्या हाताने चढून जाणं हे चालणाऱ्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

पाट उचलून ठेवता येतो, भिंतीला खिळासुद्धा मारलेला नाही. जुन्या वास्तूंच्या बाबतीत नेहमी ऐकायला मिळतं की वारसा आहे, हात लावता येत नाही, दगड फोडता येत नाही. नका फोडू ना. कोण म्हणतंय फोडा. दगडाला ओरखडा न पडता काम होतं याचा हा ८ फुटांचा पुरावा आहे. उद्या नको झाला तर काढून ठेवा, चर्च होतं तसं.

आणि ही मेहरबानी नाही, हेही एकदा लिहून टाकते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे काय ते लिहिलंय, सरकारी असो की खासगी, लोकांचं येणंजाणं जिथे आहे ती इमारत, आणि त्या यादीत धार्मिक वापराच्या इमारती स्पष्ट आहेत. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळं आलं. जुन्या इमारतींना आमच्यासाठी सोयी करायला मुदतही दिली होती, नियम निघाल्यापासून ५ वर्षं, नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत कधीच संपली. नंतर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की या सोयींचे मापदंड नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, किमान नियम सक्तीचे करा. कायदा चांगलाच आहे. पण इथला पाट कायद्याने आलेला नाही, एका मुलाला आई रविवारी घरी बसलेली बघवली नाही म्हणून आलाय, आणि तो बाकी सगळ्यांना उघडा ठेवलाय. दोन्ही लागतं असं माझं मत आहे. प्रत्येक चेअरवाल्याचा मुलगा पाळक नसतो.

दारात उंबरा आहे, दीड इंचाचा, दगडी, मधोमध पायांनी झिजून थोडा खोलगट झालेला. तिथे पुढची चाकं अडतात. चेअर किंचित मागे कलवून पुढची चाकं आधी उंबऱ्यापलीकडे टाकायची, मग मोठी चाकं. पाट उंबऱ्याच्या वरपर्यंत आणला असता तर हेही लागलं नसतं. सांगितलंय, बघू म्हणालेत.

आत गेल्यावर पहिल्यांदा गारवा जाणवतो. बाहेर सोलापूरचं ऊन, चेअरची रिम हाताला चटका देत होती, आणि आत जाड दगडी भिंती, उंच छत, सागाच्या कैच्या, वर मंगलोरी कौलं, दोन्ही बाजूंना उंच अरुंद खिडक्या. खाली शहाबादी फरशी. शहाबाद आपल्याला किती जवळ, जुन्या सोलापुरात घरोघरी तीच फरशी, पण इथली मोठ्या लाद्यांची आहे आणि वर्षानुवर्षं पुसून पुसून गुळगुळीत झाली आहे. चेअरसाठी हे सुख आहे, एका ढकलीत चेअर पाच-सहा फूट जाते आणि आवाज होत नाही. फक्त मधल्या वाटेवर दोन ठिकाणी सांधे उघडे पडलेत, चुना निघून गेलाय, बोट जाईल एवढी फट आहे आणि छोटं चाक नेमकं त्यात जातं. सिमेंट भरू नका, चुन्यानेच भरा, जुन्या दगडाला सिमेंट मानवत नाही, हे मला आमच्या गल्लीतल्या वाड्याचं काम करणाऱ्या गवंड्याने सांगितलेलं, तेच तिथे सांगितलं.

थोडा इतिहास, कारण बऱ्याच सोलापूरकरांना वाटतं चर्च म्हणजे इंग्रजांनी बांधलं. आपल्याकडचं मिशनचं काम अमेरिकन लोकांचं. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं, आणि सोलापुरात ती १८६० च्या दशकात आली. रेल्वेही इथे १८६० मध्येच पोचली, आणि जुनी मिल १८७७ ची. म्हणजे रेल्वे, मिशन, मिल हे सगळं एका माणसाच्या तरुणपणात बसेल एवढ्या काळात झालं, आणि मिशनच्या शाळांमधून कितीतरी घरांतल्या मुली पहिल्यांदा शिकल्या. आमची आत्या त्यातलीच, तिच्याकडून या चर्चच्या घंटेबद्दल ऐकत मोठी झाले आणि आत जायला एवढी वर्षं लागली, पायऱ्यांमुळे.

भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, कोणी सेवा केली, कोण कॉलऱ्यात गेलं, कोणाचं लेकरू गेलं. काही इंग्रजीत, काही मराठीत. त्या उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावल्यात, बसल्या जागेवरून मान वर करून वाचायच्या तर खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि अक्षर दिसत नाही. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून दिले, मोठे करून वाचले. एका मराठी पाटीवरचा "ळ" इतका देखणा कोरलाय की मी बराच वेळ तोच बघत बसले, जुन्या छापखान्याच्या खिळ्यांसारखा ठसठशीत, पोटात भरीव आणि शेपटीला नाजूक. पाट्यांवरचा मजकूर मोठ्या अक्षरात छापून एखादी वही खाली टेबलावर ठेवली तर चेअरवाल्यांनाही वाचता येईल आणि ज्यांना चष्मा लागलाय त्या सगळ्यांनाच.

ही झाली आडवारची भेट. तेव्हाच पाळकसाहेब भेटले, म्हणाले रविवारी या, उपासनेला. मी म्हटलं मी ख्रिस्ती नाही. "तरी या, बसायला जागा आहे." मी विचारलं, कुठे? ते थांबले. आणि खरं सांगू का, मला सगळ्या लेखात हेच सांगायचंय.

आत जाता येणं वेगळं आणि आतल्या लोकांत बसता येणं वेगळं. चेअरवाल्याला कुठेही नेलं की त्याची जागा ठरलेली असते, सगळ्यात मागे दाराजवळ, नाहीतर सगळ्यात पुढे सगळ्यांच्या नजरेसमोर, नाहीतर बाजूला खांबापाशी. कार्यक्रम असो, नाट्यगृह असो, लग्न असो. सोबतचा माणूस आपल्या शेजारी बसू शकत नाही, तो तिकडे आणि आपण इकडे. चर्चमध्ये तर बाक ओळीने, मधे वाट, म्हणजे चेअर वाटेत ठेवावी लागणार आणि येणारा जाणारा प्रत्येक जण "जरा सरका" म्हणणार. त्यांच्या मंडळीतले एक आजोबा वॉकर घेऊन येतात, ते अनेक वर्षं मागे भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात असं कळलं, अख्ख्या कुटुंबापासून लांब.

पाळकसाहेबांनी विचारलं, काय करावं? बाक जुने आहेत, कापायला मंडळी तयार होणार नाही. मी म्हटलं कापू नका, तिसऱ्या ओळीतला वाटेकडचा एक बाक काढून तुमच्या संडे स्कूलच्या खोलीत ठेवा, तिथे तीन-साडेतीन फुटांची मोकळी जागा होईल, चेअर त्यात बसते, वाट मोकळी राहते, आणि शेजारच्या बाकावर घरचं माणूस बसतं. चेअरवालं कोणी नसेल त्या रविवारी बाळगाडी ठेवा. तिसरीच ओळ का, तर पहिल्या ओळीत गेलं की मान वर करून मान दुखते आणि मागे काय चाललंय कळत नाही, लोक कधी उठतात कधी बसतात ते पुढच्यांकडे बघून कळतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं आता पुढच्या वर्षी काहीतरी होईल.

रविवारी गेलो तर बाक काढलेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन दिसत होते, आणि त्या जागेत चेअर इतकी बरोबर बसली, डावीकडे वाट, उजवीकडे भाचा त्याच्या बाकावर, माझं कोपर त्याच्या कोपराला लागेल एवढ्या जवळ, समोरच्या बाकावर गीतांची पुस्तकं ठेवायची फळी आहे ती माझ्याही हाताला येत होती. मला जागा दाखवायला कोणी आलं नाही. शेजारच्या बाईंनी नुसतं "जय ख्रिस्त" म्हणून मान हलवली, पुस्तकाचं पान काढून दिलं आणि आपल्या जागी बसल्या. मला रडू आलं हे लिहायला मला काही वाटत नाही.

एक गोष्ट तिथे बसल्यावर ध्यानात आली. कीर्तनाला, भजनाला आपल्याकडे सगळे खाली बसतात, सतरंजीवर, आणि चेअरवालं माणूस तेवढं एकटं वर दिसतं, मागच्यांना आडवं येतं म्हणून त्याला कडेला सारतात. मला कीर्तन जीवापाड आवडतं आणि तरी मी जायची कमी झाले ती यासाठीच. चर्चमध्ये सगळे बाकांवर, म्हणजे माझे डोळे आणि शेजारणीचे डोळे एकाच उंचीवर. एवढ्या लोकांत मी सारख्या उंचीची फार कमी वेळा असते.

अर्थात गीताला सगळे उभे राहतात आणि मग समोर फक्त पाठी दिसतात. त्याला इलाज नाही, आणि गाणं ऐकायला दिसायची गरज नाही. पेटी, तबला, झांज. नारायण वामन टिळकांची गीतं म्हटली. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि ख्रिस्ताबद्दल लिहिताना त्यांनी अभंगाचा आणि ओवीचाच घाट ठेवला, म्हणून कान देऊन ऐकलं तर ओळखीचंच वाटतं, तोच ठेका, तीच आळवणी. मागे एक म्हातारी बाई खणखणीत आवाजात पाठ म्हणत होती, पुस्तक न उघडता. दगडी भिंती आणि उंच छत यामुळे आवाज घुमतो पण शब्द पुसट होत नाहीत. पाळकसाहेबांचा उपदेश मात्र माईकवरून आला आणि तो मागे नीट पोचत नव्हता, दोन स्पीकरपैकी एक खरखरत होता. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांनी पुढे उजव्या बाजूला बसा.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी. सगळे ओळीने वेदीपाशी गेले, तिथे दोन पायऱ्या आहेत. मी ते घेणार नव्हते, म्हणून नुसती बघत होते. पाळक आधी पायऱ्या उतरून खाली आले, वॉकरवाल्या आजोबांकडे गेले, त्यांना त्यांच्या जागेवर दिलं, वाकून दोन शब्द बोलले, आणि मग बाकीच्यांना. शेवटी उरलंसुरलं असं नाही, आधी. आणि आजोबा आता भिंतीपाशी नव्हते, चौथ्या ओळीत मुलगा-सुनेजवळ होते, वॉकर माझ्या चेअरच्या मागच्या मोकळ्या जागेत ठेवलेला.

उपासनेनंतर अंगणात चहा असतो. इथे परत मुरूम, परत सगळे उभे. मी बाजूच्या दाराच्या फरशीवरच थांबले, तर बायकांनी खुर्च्या ओढून तिकडेच आणल्या. पहिला प्रश्न "कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं" हा आला, "पायाला काय झालं" हा नाही, याचे मी जास्तीचे मार्क देते. एक ताई हळूच म्हणाल्या तुमच्या पायांसाठी प्रार्थना करू का. हे मला देवळातही होतं, दर्ग्यातही झालंय, अंगारा लावतात, गंडा बांधतात. राग येत नाही, पण पायांचं माझं कधीच मिटलंय, मी या पायांबरोबर राहते. त्यांना म्हटलं, करा की, पण पायासाठी नको, उजवा खांदा रात्री झोपू देत नाही त्याच्यासाठी करा. त्यांनी खांद्यावर हात ठेवून खरंच खांद्यासाठीच केली.

आता टॉयलेट. संडे स्कूलच्या इमारतीला मागे एक आहे, भारतीय पद्धतीचं, दार आम्ही मोजलं, २२ इंच, माझी चेअर २५. आत धरायला दांडी नाही, पायरी उतरून जायचं. म्हणजे नाहीच. चेअरवाल्या बायका बाहेर जाताना काय करतात ते सांगू का, सकाळपासून पाणी पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हात. मग लघवीचा संसर्ग, ताप, औषधं, आणि परत घरातले म्हणतात कशाला जातेस. मी त्या रविवारी सकाळी सातनंतर पाणी प्यायले नाही, दुपारी एकला घरी आल्यावर प्यायले, डोकं दुखत होतं. कोणतंही देऊळ, चर्च, मंगल कार्यालय, हॉल बांधताना किंवा दुरुस्त करताना एक टॉयलेट करा, ३ फुटांचं दार, बाहेर उघडणारं, आत चेअर फिरायला ५ फूट बाय ५ फूट मोकळी जागा, कमोड, दोन्ही बाजूला दांड्या. चर्चच्या मूळ इमारतीला हात लावायचाच नाही, ते मागे अंगणात होतं. पाळकसाहेबांच्या आईलाही लागणारच आहे. कमिटीपुढे ठेवतो म्हणाले, मी मापं कागदावर काढून दिली आणि नंबर देऊन आले.

कबरस्तान मागे आहे, कडुनिंबाखाली, अर्ध्यापर्यंत दगडी पायवाट, मग ढेकळं आणि मुळं. जुन्या कबरी पलीकडे आहेत, त्या लांबून बघितल्या. पावसाळ्यात तिकडे वळूच नका, आपली काळी माती चाकाला धरली की चेअर जागची हलत नाही.

वॉचमन दादांबद्दल एक राहिलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रिक्षा फाटकात दिसल्याबरोबर त्यांनी पाट टाकून ठेवला होता, आणि हात मागे बांधून उभे होते. "उचलत नाही अक्का, नुसतं उभारतो हितं." एवढं शिकायला मोठमोठ्या संस्थांना प्रशिक्षण लागतं.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. एक पूर्ण टॉयलेटचा कापला, अर्धा अंगणातल्या मुरमाचा. बसायच्या जागेसाठी वेगळे स्टार असते तर पाचही दिले असते.

जाणाऱ्यांसाठी: आडवारी सकाळी साडेनऊ-दहाला जा, नंतर ऊन चढतं. रविवारी उपासनेच्या वीस मिनिटं आधी पोचा म्हणजे गर्दीतून वाट काढावी लागत नाही. पाट टाकायला दोन माणसं लागतात, म्हणून फोन आदल्या दिवशी कराच. नाताळला रोषणाई सुंदर असते म्हणतात, पण त्या रात्री अंगणात मंडप असतो आणि बाजूच्या दारापुढेच खुर्च्या लावतात, तेव्हा दार मोकळं ठेवायला सांगून मगच निघा. बॅटरीवरची जड चेअर असेल तर पाटाला किती वजन झेपतं ते आधी विचारा, माझी हलकी आहे, तरी मधल्या भागात फळी थोडी लवते.